जाम झालेला बोल्ट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा संपून रस्ते सुकले की आपल्याकडे गाड्या खोलायची कामं निघतात आणि या सदराकडे एकाच तक्रारीची पत्रं येऊ लागतात : बोल्ट सुटत नाही. माळव्यातल्या काळ्या मातीचा यात मोठा वाटा आहे. ही माती चिकट आणि पाणी धरून ठेवणारी. फ्रेमच्या सांदीत जाऊन बसली की वरून कोरडी दिसते, पण आतली ओल बरेच दिवस जात नाही. बोल्ट नेमके त्याच सांदीत असतात. आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे, कारण बाकीचे बरेचसे घोटाळे तिथल्याच चुकांतून होतात.

प्रश्न : माझी १०० सीसीची मोटरसायकल १४ वर्षांची आहे. इंजिनाखाली फुटरेस्टचा दांडा चार बोल्टांवर आहे. तीन सुटले, चौथ्याचं डोकं पाना घसरून गोल झालं. मेकॅनिक म्हणतो, "छिन्नी मारून डोकंच उडवतो, काका." उडवू द्यावं का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

छिन्नीने तर मुळीच नको. गोल झालेलं असलं तरी बोल्टला धरायची तेवढीच जागा तुमच्या हातात उरली आहे. छिन्नीच्या फटक्याने डोकं उडताना बोल्ट बहुतेक वेळा फ्रेमच्या पातळीवरच तुटतो आणि धरायला काहीच उरत नाही. डोकं काढायची वेळ आलीच तर ग्राइंडरने घासून काढायचं. म्हणजे दांडा बाजूला झाल्यावर त्याच्या पट्टीच्या जाडीएवढी खुंटी बाहेर राहते आणि ती व्हाइसग्रिपने, म्हणजे आवळून राहणाऱ्या पकडीने, धरता येते. पण हा शेवटचा उपाय झाला. त्याआधी बरंच काही करता येतं.

पहिल्यांदा बोल्ट कुठे अडकलाय ते बघा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आट्यांमधली फट जेमतेम केसाएवढी असते. फट भरली की बोल्ट पाचरीसारखा बसतो. या कामात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे स्प्रे डोक्यावर मारणं. डोक्याखाली वायसर आणि पट्टी घट्ट दाबून बसलेली असते, तिथून तेल आट्यांपर्यंत फारसं जातच नाही. आटे आहेत पलीकडे, फ्रेमला वेल्ड केलेल्या नटात. गाडी सेंटर स्टँडवर घ्या, फुटरेस्टच्या वरच्या अंगाने विजेरी मारून पाहा. नटातून बाहेर आलेलं बोल्टचं टोक बहुतेक गाड्यांत दिसतं. त्या टोकावर मातीचा आणि गंजाचा थर असतो. सोडवताना ते टोक नटातूनच मागे यायचं आहे, म्हणजे तो सगळा थर आट्यांत ओढला जाणार. अर्धा बोल्ट सुटून मध्येच पुन्हा जाम होतो तो यामुळेच. म्हणून आधी तारेच्या ब्रशने ते टोक लोखंड दिसेपर्यंत घासा आणि स्प्रे त्या बाजूने मारा.

डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं, पण त्याचा जन्म १९५३ सालचा आणि तोही पाणी हटवण्यासाठी झालेला. नावातली 'डब्ल्यूडी' ही अक्षरं 'वॉटर डिस्प्लेसमेंट'ची. गंजात झिरपण्यासाठी बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल वेगळं येतं. इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरच्या दुकानात 'रस्टवाला स्प्रे' म्हणून मागितलंत तर डबीवर पेनिट्रेटिंग लिहिलंय का ते पाहून घ्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री एकदा असं मारा आणि बोल्टला हात दुसऱ्या दिवशी लावा. पाच मिनिटांत तेल आत जात नाही.

दर वेळी स्प्रे मारल्यावर डोक्यावर बोथट पंच ठेवून अर्ध्या किलोच्या हातोडीने सरळ रेषेत दहा-पंधरा नेमके ठोके द्या. जीव खाऊन मारायचं नाही. गंज ठिसूळ असतो, धक्क्याने त्याला चिरा जातात आणि तेलाला वाट मिळते. नुसतं तेल आणि तेल-ठोके यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता पकड. बोल्ट एम८, म्हणजे ८ मिमी जाडीचा असेल तर डोकं १२ किंवा १३ मिमीचं असतं. बारा कोनी गोटी (डोक्यावर टोपीसारखा बसणारा सॉकेट) आणि उघड्या तोंडाचा पाना आता बाजूला ठेवा, डोकं गोल केलं ते त्यांनीच. १३ चं डोकं असेल तर १२ ची सहा कोनी गोटी, १२ चं असेल तर ११ ची किंवा ७/१६ इंचाची गोटी डोक्यावर हातोडीने ठोकून बसवा. ७/१६ म्हणजे ११.१ मिमी, झिजलेल्या १२ वर ती बरोबर आवळून बसते. गोटी शिरायला जागा नसेल तर कानस घ्या आणि डोक्याच्या समोरासमोरच्या दोनच बाजू सपाट करा. १२ वरून ११ पर्यंत आणलं की ११ चा पाना कोपऱ्यावर न बसता पूर्ण बाजूवर बसतो. दहा मिनिटांचं काम आहे आणि पैसा लागत नाही.

सोडवण्याआधी बोल्ट किंचित कसायच्या दिशेने हलवून पाहा. गंजाचा पहिला थर कसताना मोडतो, सोडताना मोडतो, कसाही मोडला तरी चालतो. एकदा 'कट्' असा कोरडा आवाज आला की समजा काम झालं. मग पाव फेरा सोडा, थोडा परत कसा, स्प्रे मारा, पुन्हा सोडा. एका दमात बाहेर काढू नका.

हाताला काय जाणवतंय तिकडे लक्ष ठेवा. बोल्ट करकरत, कुरकुरत फिरतोय तोवर ठीक. पण आवाज न करता रबरासारखा मऊ फिरायला लागला, तर तो सुटत नाहीये, पिळवटतोय. लगेच थांबा. पान्यात दोन फुटी पाइप घालून लोक इथेच बोल्ट तोडतात. डोक्यावर ८.८ ही ताकदीची खूण असलेला एम८ बोल्ट कसायला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) लागतात. ६० सेंटिमीटर पाइपच्या टोकावर १० किलोचा जोर दिला की जवळजवळ ६० होतात. बोल्टची दांडी तेवढं सोसत नाही.

एवढ्यानेही हलला नाही तर उष्णता. तापवायचा तो नट, बोल्ट नाही. नट फुगला की फट वाढते. आकडा लहान आहे : ८ मिमीच्या नटाचं भोक २५० अंशांनी तापवल्यावर सुमारे ०.०२५ मिमी वाढतं. पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं, आणि गार होताना तो पुन्हा आकसतो त्या हालचालीतही थर मोडतो. नटाचा एक कोपरा एमरी पेपरने चकचकीत करून ठेवा, ब्लो टॉर्च लावा आणि त्या कोपऱ्याचा रंग बघत राहा. आधी फिकट पिवळा, मग तांबूस, मग निळा. निळा म्हणजे सुमारे ३०० अंश. तिथे थांबा. मोटरसायकलच्या फ्रेमची नळी पातळ असते, तिला लाल करायचं कारण नाही. लाल झालेल्या जागी फ्रेमची ताकद जाऊ शकते. गरम असतानाच साधी मेणबत्ती आट्यांच्या तोंडाशी टेका. मेण वितळून आत ओढलं जातं आणि आटे सरकते होतात. तापलेल्या जागी स्प्रे मारू नका, तो पेट घेतो. टॉर्च पेटवण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, नळी बंद करा, वायरिंग आणि रबरावर ओलं फडकं घाला. आधी ब्रेक क्लीनर मारला असेल तर तो पूर्ण उडून जाईपर्यंत ज्योत लावू नका. क्लोरीनवाल्या क्लीनरवर ज्योत गेली की विषारी वायू तयार होतो.

या सगळ्यानंतरही अडला तर वेल्डिंगवाल्याकडे जा. गोल डोक्यावर एम१० चा नट ठेवून नटाच्या भोकातून आतल्या बाजूने वेल्ड भरायला सांगा. नवं षटकोनी डोकं मिळतं आणि बोल्टला आतून उष्णताही मिळते. वेल्ड लाल असताना पाना लावला तर तिथेच तुटेल. काळा पडू द्या, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, मग फिरवा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि अर्थची क्लिप बोल्टच्या जवळ, घासून स्वच्छ केलेल्या फ्रेमवरच लावायला सांगा. ती हँडलला किंवा चाकाला लावली की करंट बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोळ्यांवर डाग पडतात.

प्रश्न : जुन्या जीपच्या चासीत बंपरचा बोल्ट पातळीवर तुटला. लेथवाल्याने भोक पाडून 'इझी आउट' (तुटका बोल्ट काढायचा निमुळता एक्स्ट्रॅक्टर) घातला, तोही आत तुटला. आता काय करावं?
— महूहून एक वाचक

झालेल्या गोष्टीचं कारण आधी समजून घ्या, कारण हे वारंवार घडतं. ज्या गंजाने अख्खा बोल्ट तोडला, तो त्याच्या मधोमध घुसलेल्या, त्याच्या निम्म्या जाडीच्या एक्स्ट्रॅक्टरने कसा सुटेल? शिवाय एक्स्ट्रॅक्टर पाचरीसारखा असल्याने बोल्टचा उरलेला तुकडा आतून फुगवतो आणि आणखी आवळतो. एक्स्ट्रॅक्टर कामाचा आहे तो बोल्ट जास्त कसून तुटला असेल तेव्हा, गंजून तुटला असेल तेव्हा नाही.

तुटलेला एक्स्ट्रॅक्टर अतिशय कडक पोलादाचा असतो, साधं ड्रिल त्यावर घसरून बाजूच्या मऊ लोखंडात उतरतं आणि भोक तिरकं होतं. म्हणून त्यावर साधं ड्रिल अजिबात चालवू नका. मागून वाट असेल तर पंचने तो उलटा बाहेर ठोकून पाहा. तो निमुळता असल्याने आला तर मागून ठोकल्यावरच येतो. नाही आला तर कार्बाइडचा बर (कुरतडणारं छोटं कडक टोक) लावून हळूहळू कुरतडावा लागेल. डोळ्यांवर चष्मा हवाच, कार्बाइडचे कण काचेसारखे उडतात.

एक्स्ट्रॅक्टर निघाल्यावर दोन रस्ते आहेत. पहिला वर सांगितलेला नट वेल्ड करण्याचा, तो आधी करून पाहा. तुकडा थोडा खाली असला तरी वेल्डचे थेंब एकावर एक रचून वर आणता येतो. दुसरा म्हणजे बोल्ट पूर्ण पोखरून काढणं. त्यात सगळं यश मध्यबिंदूवर आहे. तुटलेलं तोंड आधी ग्राइंडरने सपाट करा, सेंटर पंच मारा, चार बाजूंनी अंतर मोजा, चुकलं असेल तर पंच तिरका धरून खूण सरकवा. त्यावर वेळ घालवा. एम१० जाड आट्यांच्या म्हणजे १.५ पिचच्या (दोन आट्यांत १.५ मिमी अंतर) बोल्टसाठी आधी ३ मिमी, मग ५, मग ७, शेवटी ८.५ मिमी. आटे बारीक, १.२५ पिचचे असतील तर शेवटचं ड्रिल ८.८. एम८ असेल तर शेवट ६.८ वर. ड्रिल कोबाल्टचं घ्या, वेग कमी ठेवा; ५ मिमीला मिनिटाला ६०० ते ८०० फेरे पुरे. थेंब थेंब कटिंग ऑइल देत राहा. चुऱ्याऐवजी लांब तार निघत असेल तर वेग आणि दाब बरोबर आहे. धूर आणि किंचाळी आली तर थांबा, ड्रिल बोथट झालं किंवा वेग जास्त आहे. भोक बरोबर मध्यावर पडलं असेल तर शेवटच्या ड्रिलनंतर जुने आटे स्प्रिंगसारखे सुटे होतात आणि टोकदार सुईने बाहेर ओढता येतात. मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) घाला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.

बंपरची पट्टी जागेवर ठेवता येत असेल तर लेथवर एक छोटा बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, करून घ्या. बाहेरचा व्यास पट्टीच्या भोकाएवढा, आत ४ मिमीचं भोक. पट्टी कसून त्या बुशमधून ड्रिल घातलं की ते आपोआप मध्यावर उतरतं. लेथवाल्याचं अर्ध्या तासाचं काम आहे, तिरक्या भोकाची सगळी दगदग वाचते.

एक गोष्ट चासीबद्दल. आटे कायमचे गेले तर शेजारी नवं भोक पाडायचा मोह होतो. शिडीसारख्या चासीच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पाकळ्यांना भोक पाडू नका, सगळा ताण तिथेच असतो आणि चीर तिथूनच सुरू होते. आहे तेच भोक एक माप मोठं करणं किंवा मागे नवा नट वेल्ड करून घेणं बरं. हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) अॅल्युमिनियमच्या जाड भागात उत्तम, पण त्याला बोल्टच्या व्यासाच्या दीडपट खोली लागते. दोन-तीन मिमीच्या पत्र्यात त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : कारचा पुढचा लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) बदलायचा आहे. नट सुटला, पण बोल्ट बाहेर येत नाही. फिरवला तर थोडा फिरतो आणि सोडला की स्प्रिंगसारखा मागे येतो.
— राजेंद्र नगर, इंदूर

मागे येतो, यातच उत्तर आहे. बोल्ट आट्यांत अडकलेला नाही, आर्मच्या टोकाच्या रबरी बुशमधल्या लोखंडी नळीला गंजाने चिकटला आहे. तुम्ही फिरवता तेव्हा रबर पिळतं आणि सोडलं की ते बोल्टला मागे आणतं. इथे ताकद लावून काही होणार नाही, रबर सगळा धक्का खाऊन टाकतं. ठोकाठोकीत ब्रॅकेटचे कान वाकण्याचीच भीती.

आर्म बदलायचाच आहे, मग बुश वाचवायची गरज नाही. स्प्रे मारून एक दिवस बघा. नाही हलला तर ब्रॅकेटचा कान आणि बुश यांच्यामधल्या फटीत ब्लेड घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. रेसिप्रोकेटिंग सॉ (मागे-पुढे चालणारी विजेची करवत) असेल तर उत्तम, नाहीतर पातळ, १ मिमीची कटिंग डिस्क लावलेला ग्राइंडर. कापताना ब्रॅकेटला ओरखडा लागू देऊ नका, खाच पडली की पुढे तिथून तडा जातो. बुश जाळून काढायचा सल्ला कुणी देईल, तो नको. जळतं रबर विझवणं कठीण आणि धूर विषारी. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जाऊ नका, स्टँड लावा.

नवा बोल्ट कंपनीचाच, त्याच ताकदीचा घ्या, बहुधा डोक्यावर १०.९ लिहिलेलं असतं. आणि शेवटची कसण गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पडल्यावर करा. हवेत लटकत असताना कसलात तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं.

प्रश्न : मोटरसायकलचा उजवा आरसा कितीही सोडवला तरी सुटत नाही, उलट घट्ट होतोय.
— तिलक नगर, इंदूर

काही गाड्यांत उजव्या आरशाचे आटे डावे असतात. धक्का लागला तर आरसा हँडलमधून उखडण्याऐवजी सैल होऊन फिरावा म्हणून. आरशाच्या तळाशी असलेला लॉकनट आधी दुसऱ्या दिशेने हलवून पाहा, आटे दिसत असतील तर त्यांचा तिरकेपणा डाव्या आरशाशी ताडून पाहा.

प्रश्न : रॉकेल, डिझेल, कोल्ड्रिंक यातलं काय चालतं? आणि बोल्ट परत लावताना ग्रीस लावलं तर पुन्हा जाम होणार नाही ना?
— स्नेहलतागंजातील एक वाचक

रॉकेल आणि डिझेल चालतं, फक्त पेनिट्रेटिंग ऑइलपेक्षा हळू झिरपतं, म्हणून एक दिवसाऐवजी दोन-तीन दिवस द्या. कोल्ड्रिंकमधलं आम्ल इतकं सौम्य असतं की आट्यांतल्या गंजाला त्याचा जाच होत नाही, मागे राहते ती साखर आणि ओल.

परत लावताना आधी टॅप घालून आटे साफ करा, बोल्टचे आटे ब्रशने घासा. डोकं गोल झालेला बोल्ट कधीही परत वापरू नका. साधं ग्रीस पाण्याने धुतलं जातं, तापल्यावर वाहून जातं. तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची भुकटी असलेली अँटिसीझ पेस्ट आट्यांना पातळ चोपडा. सायलेन्सरच्या बोल्टला तर ती हवीच. पण पेस्ट लावल्यावर त्याच कसणीत बोल्टवर जास्त ताण येतो, कारण घर्षण कमी झालेलं असतं. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर तो साधारण पाचव्या हिश्श्याने कमी करा. एम८ साठी २५ ऐवजी २० न्यूटन-मीटर. चाकाच्या नटांना मात्र ग्रीस किंवा पेस्ट लावू नका, ते कोरडेच कसायचे.

स्टेनलेसचे बोल्ट गंजत नाहीत म्हणून बरेच जण ते घेतात. आरसा, नंबर प्लेट, मडगार्ड इथे खुशाल लावा. फुटरेस्ट, स्टँड, इंजिन माउंट, ब्रेक इथे नाही. बाजारात मिळणारा ए२-७० खुणेचा स्टेनलेस बोल्ट ८.८ च्या साध्या पोलादी बोल्टपेक्षा कमी ताकदीचा असतो. शिवाय स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्याच नटात कोरडा कसला तर आटे एकमेकांत रुतून बसतात, आणि मग तो कापूनच काढावा लागतो.

बोल्ट लावून झाला की नटातून बाहेर आलेल्या टोकावरही पेस्टचं एक बोट फिरवा. पुढच्या वेळी सोडवताना तेच टोक नटातून मागे यायचं आहे.